सव्वा महिना थांबायचं की आजच निघायचं? (तान्ह्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन)

रावपुऱ्याची_आजी | सोमवार, रात्री ९.४०

बडोद्यातल्या आणि बाहेरच्याही मंडळींना विचारायचं आहे, म्हणून धागा काढतेय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा.

आमच्या वाड्यात खालच्या बिऱ्हाडी १९ दिवसांचं बाळ आहे. मुलगी. दूध पिताना कपाळावर घाम येतो, श्वास भराभर चालतो, वजन जन्मावेळचंच. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर फुफ्फुसाच्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या निघाल्या. डॉक्टर त्याला टीएपीव्हीसी म्हणतात. या आठवड्यात अहमदाबादला भरती व्हा असं सांगितलंय. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, सव्वा महिना होऊ दे, बाळंतीण उठू दे, पोर जरा अंग धरू दे, मग बघू. मी रोज खाली जाऊन समजावतेय, पण एकटीचा आवाज पुरत नाही. ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी लिहावं. मी तुमचे प्रतिसाद त्यांना वाचून दाखवणार आहे. त्यांची परवानगी घेतलीय.

आधी माझं सांगते, कारण चार महिन्यांपूर्वी "सव्वा महिना होऊ दे" हे मीच म्हणत होते.

लेक पुण्याहून पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. जवळच्याच प्रसूतिगृहात नातू झाला. २ किलो ९०० ग्रॅम, रडला खणखणीत. नखं तेवढी जांभळी. मी विचारलं तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ठंडीने लीधे छे, बा." डिसेंबर होता, मलाही पटलं. दुसऱ्या रात्री त्याला मांडीवर घेऊन बसले होते. तो जांभई द्यायला लागला आणि मला त्याच्या हिरड्या दिसल्या. जांभूळ खाल्ल्यावर होतात तशा. जीभही तशीच. हातपाय थंडीनं निळे पडतात, जीभ पडत नाही, एवढं मला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण पोटात गोळा आला. सकाळी बालरोगतज्ज्ञ आले, त्यांनी तळहाताला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा ७१. ऑक्सिजन लावला, दहा मिनिटं थांबलो, ७४. ते म्हणाले, ऑक्सिजन देऊनही चढत नाही म्हणजे गडबड फुफ्फुसात नाही, हृदयात आहे.

त्याच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली होती. अंगातून आलेलं निळं रक्त परत अंगातच, फुफ्फुसातून आलेलं लाल रक्त परत फुफ्फुसातच. दोन वेगवेगळ्या चकरा. पोटात असताना उघड्या असलेल्या दोन वाटा जन्मानंतर काही दिवस उघड्या राहतात, त्यातून थोडं लाल रक्त इकडे येत होतं, तेवढ्यावर पोर जगत होतं. आणि त्या वाटा बंद व्हायला लागल्या होत्या. प्रोस्टाग्लॅंडिनचं सलाइन लावून त्यातली एक उघडी ठेवली. या औषधानं बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून अँब्युलन्समध्ये डॉक्टर सोबत आले. एक्सप्रेसवेनं अहमदाबाद. तिथे शिरेतून फुगा नेऊन हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाडून भोक मोठं केलं. तासाभरात आकडा ८४. ओठ गुलाबी दिसायला लागले.

आणि मी म्हटलं, "साहेब, आता बरं दिसतंय, सव्वा महिन्यानं घेऊन येतो."

सर्जननी कागद घेतला आणि चित्र काढून दाखवलं. पोटात बाळाचे दोन्ही कप्पे सारखाच जोर लावतात. जन्मानंतर फुफ्फुसं उघडतात, तिकडे रक्त ढकलायला कमी जोर लागतो. याचा डावा कप्पा चुकून फुफ्फुसाकडे जोडलेला. त्याला काम हलकं, म्हणून त्याचा स्नायू रोज थोडा पातळ होतोय. वाहिन्या बदलल्या की त्याच कप्प्यावर सगळ्या अंगाचा भार येणार. दोनतीन आठवड्यांत केलं तर तो पेलतो. त्यानंतर केलं तर पेलेलच असं नाही. "बा, बाळ वजन वाढवेल, पण डावा कप्पा वाट बघणार नाही."

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. सोयरही फिटलं नव्हतं.

---

निओ_सिस्टर | सोमवार, रात्री १०.२५

आजी, तुम्ही जीभ पाहिलीत हे फार मोलाचं केलंत. मी नवजात अतिदक्षता विभागात ११ वर्षं आहे. नुसत्या डोळ्यांना निळेपणा कळेपर्यंत ऑक्सिजन ८०-८५च्या आसपास घसरलेला असतो. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत तर आणखी उशिरा कळतो. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, चिमटा लावायचा.

घरी सोडण्याआधी, जन्माला २४ तास झाल्यावर, उजव्या हाताला आणि कुठल्याही एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. उजवा हातच का, तर त्याला जाणारं रक्त त्या उघड्या वाटेच्या आधी फुटतं, पायाला जाणारं नंतर. दोन्हीकडे ९५ किंवा वर हवं आणि दोघांतला फरक ३च्या आत हवा. कुठेही ९०च्या खाली आलं तर थांबायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं आणि इको. मधलंच काही आलं तर तासाभरानं पुन्हा मोजायचं. पाच मिनिटांचं काम, सुई नाही, रक्त नाही. सगळीकडे आपणहून करतातच असं नाही, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी तोंडानं विचारा.

एक मात्र लक्षात ठेवा. ही चाचणी पास झाली म्हणजे हृदय निर्दोष असं नाही. महाधमनी, म्हणजे हृदयातून अंगाला रक्त नेणारी मुख्य वाहिनी, अरुंद असलेली बाळं यातून निसटू शकतात. खालच्या बिऱ्हाडच्या मुलीसारखी, म्हणजे शिरा चुकीच्या जोडलेली पण अडथळा नसलेली बाळंही निसटू शकतात, कारण त्यांचा आकडा ९०च्या आसपास रेंगाळतो आणि रंग फारसा बिघडत नाही. तिथे घाम, धाप आणि न वाढणारं वजन हीच खूण.

---

जुना_बडोदेकर | मंगळवार, सकाळी ७.१०

आजी, तुमच्या नातवाचं चांगलं झालं, आनंद आहे. पण मी थोडं वेगळं सांगतो. माझ्या पुतणीला हृदयात भोक होतं. तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं की मूल १० किलोचं होऊ द्या, मग करू. आम्ही थांबलो, तीन वर्षांची झाल्यावर झालं, आज ती दोन मुलांची आई आहे. तीन किलोच्या जिवाला मशीनवर घालायचं, छाती उघडायची, हे मनाला पटत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना सरळ चूक म्हणू नये.

---

बालरोगवाली | मंगळवार, दुपारी १.३०

काका, तुमच्या पुतणीच्या बाबतीत थांबणं बरोबरच असणार. वरच्या कप्प्यांमधलं भोक असेल तर आजही तीन-चार वर्षांपर्यंत निवांत थांबतात. खालच्या कप्प्यांमधलं लहान भोक पुष्कळदा आपोआप बुजतं. प्रत्येक दोषाचं घड्याळ वेगळं असतं, एवढंच.

पूर्वी तान्ह्या बाळांना थांबवत, कारण हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं) त्यांना झेपत नसे. १९५४ साली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी लहान मुलांची हृदयं उघडली तेव्हा मशीनऐवजी आई किंवा बाप शेजारच्या टेबलावर झोपत असे आणि त्यांच्या रक्ताभिसरणावर मूल चालवलं जाई. तिथपासून छोट्या नळ्या, कमी रक्तात चालणारी सर्किट्स इथपर्यंत यायला काळ गेला. नातवाच्या ऑपरेशनला आर्टेरियल स्विच म्हणतात. ते ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी १९७५ साली पहिल्यांदा यशस्वी केलं. पुढे १९८०च्या दशकात बॉस्टनच्या अल्डो कास्तानेदा यांनी लावून धरलं की हे नवजात वयातच करावं, कारण उशीर केल्यानं हृदय आणि फुफ्फुसं दोन्ही बिघडतात. १० किलोची अट त्याआधीच्या काळातली आहे, ती सगळ्या दोषांना लावू नका.

खालच्या बिऱ्हाडच्या बाळाचं सांगायचं तर, फुफ्फुसातून आलेलं शुद्ध रक्त डाव्या कप्प्यात जायला हवं, ते हिच्या उजव्या बाजूला जातंय. वरच्या पडद्यातल्या भोकातून जे मिसळलेलं रक्त डावीकडे सरकतं, तेवढंच अंगाला मिळतं. उजव्या बाजूवर आणि फुफ्फुसांवर दुप्पट बोजा. शिरांच्या वाटेत अडथळा असता तर पहिल्या दिवशीच जिवावर बेतलं असतं. अडथळा नाही म्हणून १९ दिवस मिळाले. हे दिवस औषधानं वाढवता येत नाहीत. नातवाला लागू पडलेलं प्रोस्टाग्लॅंडिन इथे त्या कामाचं नाही. आणि अंग धरण्याबद्दल: श्वास घेण्यातच सगळी ताकद खर्च होतेय, तिचं वजन ऑपरेशननंतरच वाढेल.

---

मांजलपूरचा_बाबा | मंगळवार, रात्री ११.०५

आमच्या मुलाला टेट्रालॉजी ऑफ फॅलो. चार दोष एकत्र: खालच्या पडद्यात भोक, फुफ्फुसाकडची वाट अरुंद, महाधमनी भोकावर सरकलेली आणि उजव्या कप्प्याचा स्नायू जाड. आम्हाला नवव्या महिन्यात तारीख मिळाली. तोपर्यंतचे महिने कसे काढले ते लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

एका सकाळी तो रडता रडता काळानिळा पडला, श्वास खोल खोल, मग मान टाकली. बायकोनं त्याला उभं धरून थोपटायला सुरुवात केली. चूक तिची नाही, कुणीही तेच करेल. पण करायचं असतं ते असं: बाळाला उताणं घेऊन दोन्ही गुडघे त्याच्या छातीशी दाबून धरायचे. त्यामुळे पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडे जायची वाट अवघड होते आणि रक्त फुफ्फुसाकडे वळतं. आपण शांत राहायचं, त्याला चिडू द्यायचं नाही, आणि लगेच दवाखाना. ही मोठी मुलं खेळताना दमली की उकिडवी बसतात, तेही याच कारणानं. डॉक्टरांनी हे आम्हाला बाहुली घेऊन करून दाखवलं. पुढच्या दोन झटक्यांना मी ते केलं. गुडघे दाबून धरल्यावर ओठांचा रंग परतताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

दुसरी गोष्ट लोहाची. आम्हाला वाटायचं हिमोग्लोबिन १६ आहे, मग लोह कशाला? पण निळ्या बाळांत रक्त घट्ट असूनही लोह कमी असू शकतं आणि त्यानं झटके वाढतात. थेंब सुरू केल्यावर फरक पडला.

---

दाहोदकर | बुधवार, सकाळी ९.२०

बाबा, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतो. माझ्या भाच्यालाही फॅलोच आहे, दोन महिन्यांचा. त्याला आधी शंट आणि पूर्ण ऑपरेशन वर्षाच्या आत असं सांगितलंय. दोन ऑपरेशनं का? एकदाच थांबून पूर्ण का नको? आणि खर्चाचं कसं? बहिणीच्या नवऱ्याचं हातावरचं पोट.

---

बालरोगवाली | बुधवार, दुपारी २.१५

त्याच्या फुफ्फुसाकडच्या नळ्या फार बारीक असणार आणि ऑक्सिजन खूप खाली असणार. शंट म्हणजे हाताकडे जाणारी रक्तवाहिनी आणि फुफ्फुसाची वाहिनी यांच्यामध्ये तीन-साडेतीन मिलिमीटरची नळी बसवतात. फुफ्फुसाला रक्त मिळतं आणि त्या बारीक नळ्याही वाढतात, मग पूर्ण दुरुस्ती सोपी होते. अशा प्रकारचं ऑपरेशन पहिल्यांदा २९ नोव्हेंबर १९४४ला बाल्टिमोरला झालं. कल्पना हेलन टॉसिग यांची, सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक, आणि प्रयोगशाळेत कुत्र्यांवर शेकडो वेळा करून ते बसवलं व्हिव्हियन थॉमस यांनी. थॉमस कृष्णवर्णीय होते, डॉक्टरकीची पदवी नव्हती. त्या दिवशी ते ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होते. कितीतरी वर्षं त्या ऑपरेशनला फक्त दोघांचंच नाव होतं. मी मात्र विद्यार्थ्यांना शिकवताना तिसरं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

भाच्याला शंट बसला की नळीत गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन देतात. जुलाब-उलट्या झाल्या तर घरी वाट बघू नका. अंगातलं पाणी कमी झालं की नळी बंद पडू शकते.

खर्चाचं: गुजरातेत शालेय आरोग्य-राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नवजात बाळापासून १८ वर्षांपर्यंत हृदयाचे उपचार मोफत होतात. नावात शालेय असलं तरी तान्ही बाळंही त्यात येतात. आरोग्य केंद्रातून किंवा सरकारी रुग्णालयातून संदर्भपत्र घ्यायचं, अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात यू. एन. मेहता हृदयरोग संस्था आहे. आयुष्मान कार्ड असेल तर तेही सोबत ठेवा.

---

इंदूरी_पोहे | बुधवार, दुपारी ४.००

आमच्याकडे मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे, जिल्हा रुग्णालयातून कागद होतात. शिवाय नवा रायपूर, पलवल आणि खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयांत मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात. आमच्या शेजारच्यांचं रायपूरला झालं.

---

रावपुऱ्याची_आजी | बुधवार, रात्री ८.५०

सगळं वाचून दाखवलं. बाळाचे आजोबा ऐकून घेतात. आजी मात्र म्हणते, "मशीनवरून उतरल्यावर काय अवस्थेत हातात देतील?" हे तिनं मला विचारलं आणि मी खोटं बोलले नाही.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा आत सोडलं तेव्हा मला नातू ओळखू आला नाही. सुजलेला होता. पाटीवर नाव नव्हतं, लेकीच्या नावापुढे 'बेबी ऑफ' एवढंच. छाती शिवलेलीच नव्हती. मधोमध पारदर्शक पडदा चिकटवलेला आणि त्याखाली हृदय हलताना दिसत होतं. अक्रोडाएवढं. सूज उतरेपर्यंत छाती बंद केली तर हृदयावर दाब येतो म्हणून दोन दिवस उघडी ठेवतात, हे आधी सांगितलेलं होतं, तरी पाय लटपटले. पोटातून दोन बारीक तारा बाहेर आलेल्या, ठोके चुकले तर मशीननं द्यायला. हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या दोन वाहिन्याही उचलून नव्या जागी लावलेल्या होत्या, त्या जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या. केसाहून बारीक धाग्यानं. लेक दर तीन तासांनी दूध काढायची, आणि चौथ्या दिवशी त्यातलं ५ मिली नळीतून गेलं. पाच मिली म्हणजे चहाचा एक चमचा. त्या चमच्यासाठी आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये गळ्यात पडून रडलो. बारसं बाराव्या दिवशी काचेबाहेरून केलं. नाव मी काचेला तोंड लावून सांगितलं.

हे सगळं तिला सांगितलं. ती गप्प आहे.

---

निळी_शाल | बुधवार, रात्री ११.५५

मी इथे कधी लिहीत नाही. टीएपीव्हीसी वाचलं आणि झोप लागेना.

सहा वर्षांपूर्वी माझी मुलगी २६ दिवसांची असताना गेली. तिलाही हेच होतं. अडथळा नव्हता, रंग चांगला होता, सगळे म्हणायचे बापावर गेलीय, गोरी. धाप लागायची. एका दवाखान्यात एक्स-रे काढून न्यूमोनिया म्हणाले, अँटिबायोटिक दिलं. पाच दिवस. मग दुसरीकडे नेलं, तिथे इको झाला, मोठ्या शहरात घेऊन जा म्हणाले. शनिवार होता. सासूबाई म्हणाल्या अमावास्या आहे, सोमवारी निघू. मीही हो म्हटलं. मी बाळंतीण होते, टाके ओले होते, मलाही दोन दिवस हवे होते. रविवारी पहाटे ती गेली.

मी सासूबाईंना दोष देत नाही. त्यांनी त्या दिवसापासून अमावास्या पाळायची सोडली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की सर्दीचा साधा संसर्गही अशा बाळाला पुरतो, फुफ्फुसं आधीच रक्तानं भरलेली असतात.

आजी, खालच्या आजीबाईंना माझं एवढंच वाचून दाखवा. त्यांना सांगा, बाळंतिणीला गाडीत मागे झोपवून नेता येतं. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी गेले असते.

---

जुना_बडोदेकर | गुरुवार, सकाळी ६.३०

ताई, रात्री वाचलं. माझं मंगळवारचं बोलणं मी मागे घेतो. रावपुऱ्याच्या आजी, गाडी लागली तर माझी आहे, चालवायला मुलगा आहे. कधीही फोन करा, नंबर तुम्हाला निरोपातून पाठवलाय.

---

सुरसागर_सकाळ | गुरुवार, सकाळी १०.४०

मी २० आठवड्यांची गरोदर आहे, उद्या सोनोग्राफी आहे. आजींच्या नातवाचं सोनोग्राफीत आधी कसं कळलं नाही? मी काय विचारू?

---

निओ_सिस्टर | गुरुवार, दुपारी १२.१५

फक्त चार कप्पे पाहिले तर अदलाबदल झालेल्या वाहिन्या कळत नाहीत, कारण कप्पे चारही नीट दिसतात. उद्या विचारा: हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या वाहिन्या पाहिल्या का, आणि त्या एकमेकींना ओलांडून जातात का? समांतर जात असतील किंवा नीट दिसल्या नसतील तर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको, करून घ्या. आधी कळलं तर प्रसूतीच अशा ठिकाणी करता येते जिथे पहिल्या तासापासून सोय आहे.

---

रावपुऱ्याची_आजी | शुक्रवार, दुपारी ३.२०

निळी शाल, तुमचं लिहिलेलं मी काल दुपारी खाली वाचायला घेतलं. मला पुढचं वाचवेना, तेव्हा बाळाच्या आजीनं माझ्या हातून मोबाइल घेतला आणि स्वतः वाचलं. मग उठून आत गेली आणि बाळंतिणीची शेकायची पिशवी, दुपटी, डिंकाचे लाडू एका थैलीत भरायला लागली. कुणाला काही बोलली नाही.

आज पहाटे पाचला निघाले. गाडी काकांची. बाळंतीण मागे आडवी, बाळ आजीच्या मांडीवर. मी पुढे बसून गेले, कारण मला ते आवार माहीत आहे. केसपेपर, इको, रक्त, सगळं अकरापर्यंत झालं. उद्या पहिल्या नंबरवर घेणार आहेत.

---

रावपुऱ्याची_आजी | शनिवार, रात्री ९.०५

सकाळी साडेसातला आत नेलं, दुपारी एकला बाहेर. शिरा डाव्या कप्प्याला जोडल्या. सर्जन म्हणाले, पहिले दोन-तीन दिवस फुफ्फुसांचा दाब अचानक चढू शकतो, म्हणून झोपेचं औषध देऊन शांत ठेवणार. छाती उघडी आहे, सोमवारी बंद करतील. आत्ता आकडा ९८.

तिची आजी काचेपाशी उभी आहे. मी खुर्ची नेऊन दिली तरी बसत नाही.